ऑइल फिल्टर आणि पक्के बिल

ऑइल फिल्टरची किंमत इंजिनाच्या दुरुस्तीपुढे नगण्य. तरीही काटकसर नेमकी तेथेच केली जाते. फिल्टरमधील घड्यांचा कागद तेलातील धातुकण व काजळी अडवतो. गाडी उभी असताना तेल मागे ओघळू नये म्हणून अनेक फिल्टरांत रबरी झडप असते. बनावट मालात कागद विरळ आणि रबर निकृष्ट असले, की सकाळी इंजिन काही क्षण पुरेशा तेलाविना फिरते. झीज दिसत नाही. ती साठत जाते.

म्हणून वाहनाच्या पुस्तिकेतील पार्ट नंबर जुळवावा आणि अधिकृत विक्रेत्याकडून पक्के बिल घ्यावे. रिकामे खोके फाडूनच टाकावे, म्हणजे त्यात नकली माल भरता येणार नाही.

नाशिकमध्ये सुट्या भागांच्या व्यापारात असलेल्या बांधवांनीही खरेदीचे बिल पाहावे. ट्रेडमार्क कायदा, १९९९ नुसार खोट्या चिन्हाचा माल विकणाऱ्यास ६ महिने ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. आपल्या शास्त्रकारांनी तर अचौर्य अणुव्रताच्या ५ अतिचारांत ‘प्रतिरूपक व्यवहार’, म्हणजे अस्सल म्हणून नक्कल विकणे, केव्हाच गणले आहे. बिनबिलाचा स्वस्त माल दुकानात न घेणे, हेच श्रेयस्कर.