रानपिंगळा : यादीतील पायरी आणि रानातील वास्तव

एखाद्या पक्ष्याचे शास्त्रीय नाव बदलले किंवा धोक्याच्या यादीत त्याची पायरी बदलली, तर सामान्य माणसाने त्याची फिकीर का करावी, असा प्रश्न कोणीही विचारील. सातपुड्यातील रानपिंगळ्याच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी २०१८ या एकाच वर्षी घडल्या. जैविक आप्तसंबंधांच्या अभ्यासातून त्याच्या प्रजातीविषयीचा जुना वाद बराचसा निकाली निघाला आणि आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेने त्याला ‘अतिसंकटग्रस्त’ श्रेणीतून ‘संकटग्रस्त’ श्रेणीत आणले. वरवर पाहता ही आनंदाची बातमी आहे. खानदेशाने मात्र तिचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे.

गावाच्या वेशीवर दिसणाऱ्या ठिपकेवाल्या पिंगळ्याचा हा भाऊबंद. याच्या डोक्यावर मात्र ठिपके जवळजवळ नसतात, चोच आणि पाय दणकट असतात आणि तो भरदिवसा सरडे-उंदरांची शिकार करतो. आजच्या छत्तीसगढमधील बसना-फुलझर भागात ब्लेविट यांनी १८७२ मध्ये मिळवलेल्या नमुन्यावरून ॲलन ह्यूम यांनी १८७३ मध्ये त्याचे वर्णन केले. हा इतर पिंगळ्यांहून वेगळा आहे, असे वाटल्याने त्यांनी त्याच्यासाठी ‘हेटेरोग्लॉक्स’ ही स्वतंत्र प्रजातीच निर्माण केली. पुढे अनेकांनी त्याला ठिपकेवाल्या पिंगळ्याच्या ‘अथेने’ प्रजातीत घातले. कवटीची ठेवण आणि आवाज पाहून काहींनी पुन्हा वेगळे काढले. २०१८ च्या जनुकीय अभ्यासात तो ‘अथेने’च्याच शाखेत बसतो असे दिसले. म्हणजे प्रजाती वेगळी नसली, तरी पक्षी वेगळा आहे, याविषयी दुमत उरलेले नाही.

वर्गीकरणाहून अधिक गोंधळ झाला तो त्याच्या वसतिस्थानाचा. १८८० च्या दशकात खानदेशात सनदी अधिकारी असलेल्या जेम्स डेव्हिडसन यांनी शहादा-तळोदा भागातून काही नमुने गोळा केले. १८८४ नंतर मात्र हा पक्षी कोणाला खात्रीने दिसला नाही. दरम्यान कर्नल माइनर्टझॅगन यांच्या संग्रहात १९१४ साली गुजरातमधील तापीकाठच्या मांडवी येथे मिळवल्याची चिठ्ठी असलेला एक नमुना होता आणि अभ्यासक तो प्रमाण मानत राहिले. पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी तपासणी करून १९९९ मध्ये दाखवून दिले, की हा डेव्हिडसन यांचाच नमुना संग्रहालयातून चोरून, नव्याने भरून त्याला खोटी चिठ्ठी लावली होती. एका खोट्या चिठ्ठीने सारा नकाशाच चुकवला होता.

त्याआधीच या चिठ्ठीविषयी संशय घेऊन रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांनी अस्सल नमुन्यांची ठिकाणे पालथी घातली आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी, ११३ वर्षांनी, शहाद्याजवळ रानपिंगळा पुन्हा सापडला. तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यात होते. १ जुलै १९९८ पासून ते नंदुरबार जिल्ह्यात आहे. जिल्ह्याच्या सीमा बदलल्या, पक्षी आपल्या जागीच राहिला.

पुढील शोधांत तोरणमाळ, मेळघाट, मध्य प्रदेशातील खकनार आणि जळगाव जिल्ह्यातील यावल अभयारण्य येथे त्याची नोंद झाली. २०१४ च्या सुमारास ठाणे-पालघर पट्ट्यातील तानसा आणि गुजरातमधील डांगच्या जंगलातही तो आढळला. श्रेणी बदलण्यामागे ही नवी ठिकाणे आहेत. पक्ष्यांची संख्या वाढली असे त्याचे कारण नव्हे. आपली माहिती वाढली, एवढेच. प्रौढ पक्ष्यांचा अंदाज आजही हजाराच्या आतच आहे आणि संख्येचा कल उतरताच मानला जातो. पायरी बदलली म्हणून लक्ष कमी करणे, हा या बातमीचा सर्वांत चुकीचा अर्थ ठरेल.

कारण त्याची गरज फार थोडी असूनही आपण ती पुरवू शकलेलो नाही. त्याला सागाचे विरळ, कोरडे रान आणि ढोलीसाठी जुनी झाडे लागतात. नेमकी तीच झाडे आधी तोडली जातात. तळोद्याच्या जंगलातील मोठे क्षेत्र १९९० च्या दशकात सरदार सरोवराच्या विस्थापितांना देण्यात आले. ज्यांचे गाव धरणाने गिळले, त्यांना जमीन हवीच होती. पण तिची किंमत उरलेल्या रानाने मोजली, हेही खरे. १९६९ मध्ये घोषित झालेले, सुमारे १७५ चौरस किलोमीटरचे यावल अभयारण्यही अतिक्रमणाच्या प्रश्नातून सुटलेले नाही.

येथे पावरा, भिल्ल, तडवी यांना शत्रू ठरवून काही साधणार नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्यांना जंगल राखण्याचाही अधिकार दिला आहे. हक्कांच्या दाव्यांचा प्रामाणिक निकाल आणि नव्या तोडीवर ठाम बंदी, या दोन गोष्टी एकत्रच व्हायला हव्यात. ढोलीची झाडे ग्रामसभांच्या साहाय्याने मोजून त्यांची नोंद ठेवता येईल. शेतातील उंदरांसाठीचे विष पिंगळ्याच्या पोटी जाते का, हेही तपासावे लागेल. यावल, शिरपूर तालुक्यातील अनेर धरण अभयारण्य आणि तोरणमाळ यांचा विचार जिल्हानिहाय न करता सलग सातपुडा म्हणून व्हावा. कारण पक्ष्याला दोन जिल्ह्यांमधील सीमा ठाऊक नसते.

शास्त्रज्ञ या पक्ष्याला कोणत्या प्रजातीत बसवतात, हे त्यांनी ठरवावे. तो कोणत्या रानात राहील, हे मात्र खानदेशाला ठरवायचे आहे. शंभर वर्षांहून अधिक काळ हरवलेला पक्षी आपल्याच अंगणात सापडला. तो पुन्हा हरवला, तर खोट्या चिठ्ठीला दोष देता येणार नाही.