गोफर सर्व्हर कां उभारावा?

ज्या साधनाचा आपण दिवसांतून अनेक वेळां उपयोग करितों, त्याचें अंतरंग मुळींच ठाऊक नसावें, हें विद्यार्थ्यास शोभत नाहीं. बोट ठेवतांच दूरदेशचें पान आपल्यापुढें येतें. परंतु तें कोणत्या शब्दांनीं मागितलें गेलें व देणें संपलें हें कशावरून कळलें, असें विचारल्यास आपल्यापैकीं पुष्कळांना निरुत्तर व्हावें लागेल. हें अज्ञान दूर करण्याचा एक अल्पखर्चाचा मार्ग आहे. गोफर नांवाच्या जुन्या प्रोटोकॉलचा सर्व्हर शाळेच्या संगणकवर्गांत मुलांनीं स्वतः उभारावा, असें माझें स्पष्ट मत आहे.

गोफरचा जन्म अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठांत १९९१ सालीं झाला. मार्क मॅकॅहिल व त्यांचे सहकारी हे त्याचे जनक होत. गोफर हा जमिनींत बिळें करून राहणारा एक लहान प्राणी असून तो त्या विद्यापीठाच्या खेळाडूंचें चिन्ह आहे. त्यावरूनच हें नांव पडलें. १९९३ च्या मार्चमध्यें त्याचे नियम आर. एफ. सी. १४३६ या लेखांत प्रसिद्ध झाले.

हे नियम थोडके व सुबोध आहेत. मागणारा संगणक सर्व्हरच्या ७० क्रमांकाच्या पोर्टशीं संबंध जोडतो व हव्या असलेल्या वस्तूची खूण एका ओळींत पाठवितो. ओळ रिकामी असल्यास मुख्य अनुक्रमणिका मिळते. अनुक्रमणिकेंतील प्रत्येक ओळीचें पहिलें चिन्ह वस्तूचा प्रकार सांगतें : ० म्हणजे मजकूर, १ म्हणजे दुसरी अनुक्रमणिका, ७ म्हणजे शोध. त्याला लागूनच वाचकास दिसणारें नांव असतें. मग वस्तूची खूण, यजमान संगणकाचें नांव व पोर्टचा अंक हीं टॅबनें वेगळीं करून येतात. अखेरच्या ओळींत केवळ एक पूर्णविराम आला कीं मजकूर संपला असें समजावें. मग मजकुरांतीलच एखादी ओळ पूर्णविरामानें सुरू होत असेल तर? तेथें सर्व्हरनें एक पूर्णविराम अधिक घालावा व मागणाऱ्यानें तो काढून टाकावा. असा प्रश्न मुलास स्वतः सुचला म्हणजे त्याचें शिक्षण सुरू झालें.

कित्येक पालक म्हणतील, "जी विद्या जगानें टाकली ती आमच्या मुलांनीं कां शिकावी? तिनें नोकरी मिळेल काय?" हा आक्षेप क्षुल्लक नाहीं. फायरफॉक्सनेंहि २०११ सालीं गोफरला निरोप दिला. तरी मोठ्या यंत्राचे हजार भाग पाहून मूल गोंधळतें, तेंच लहान यंत्र सर्व उलगडून पुन्हां जोडूं शकतें. पायथॉन भाषेंत चाळीस-पन्नास ओळी लिहिल्या तर साधा गोफर सर्व्हर चालूं लागतो. जुना संगणकहि त्यास पुरतो.

गोफरच्या इतिहासांतहि घेण्यासारखें आहे. १९९३ च्या आरंभीं मिनेसोटा विद्यापीठानें आपल्या सर्व्हरच्या व्यापारी उपयोगाबद्दल शुल्क घेण्याचा मनोदय जाहीर केला. त्याच वर्षाच्या ३० एप्रिलला सर्न या संस्थेनें वर्ल्ड वाइड वेबचें साहित्य सर्वांस विनामूल्य खुलें केलें. वेबमध्यें चित्रांचीहि सोय होती, हें खरें. परंतु शुल्काच्या वार्तेनें लोकांचा विश्वास डळमळला व ते वेबकडे वळले. विद्यापीठानें २००० सालीं आपलें साहित्य मुक्त केलें, तोंवर वेळ टळून गेली होती.

उभारणी करितांना सावधगिरी मात्र हवी. मूळ गोफरमध्यें मजकूर गुप्त राखण्याची योजना नाहीं. वाटेंत कोणीहि तो वाचूं शकेल. यास्तव संकेतशब्द, गुणपत्रकें किंवा घरचे पत्ते त्यावर ठेवूं नयेत. सर्व्हर शाळेच्या अंतर्गत जाळ्यांतच चालवावा व त्यास एकाच फोल्डरची वाट मोकळी ठेवावी. युनिक्स धर्तीच्या संगणकांवर १०२४ खालील पोर्टांस बहुधा व्यवस्थापकाचा अधिकार लागतो. म्हणून मुलांनीं ७०७० सारखें पोर्ट घेऊन सामान्य अधिकारानेंच काम करावें. मूळ नियमांत देवनागरीचा विचार नव्हता. तथापि यूटीएफ-८ पद्धतीनें लिहिलेला मराठी मजकूर आज पाठवितां येतो, मात्र वाचणाऱ्याच्या साधनास ती पद्धत कळली पाहिजे.

माझी सूचना एवढीच कीं, वरच्या वर्गांस आठवड्याचे दोन तास एक महिनाभर या कामासाठीं द्यावे. चार-चार मुलांनीं मिळून एकेक सर्व्हर उभारावा व त्यावर शाळेंतील पावसाच्या नोंदी, परिसरांतील झाडांची यादी, स्वतःचे निबंध असें साहित्य ठेवावें. परीक्षेंत यावर प्रश्न येणार नाहीं. परंतु मागणीच्या पहिल्या ओळीपासून अखेरच्या पूर्णविरामापर्यंत सर्व व्यवहार ज्यानें स्वतः जुळविला, तो विद्यार्थी पुढें कोणत्याहि यंत्रापुढें केवळ गिऱ्हाईक म्हणून उभा राहणार नाहीं. आणि पालकहो, हा लाभ कांहीं थोडा नव्हे.