दुसरी गाडी जुनी चालेल, कागद चालू हवेत

पहिला टेम्पो रोज फिरतोय, तरी सणासुदीला डिलिव्हरी अडकते. मग लगेच शोरूमला पळायचं का? माझं मत विचाराल तर दुसरी गाडी जुनीच घ्या. आठवड्यात तीन दिवस उभी राहणाऱ्या गाडीचा हप्ता मात्र कधी उभा राहत नाही.

पण मंडळी, नुसता इंजिनाचा आवाज ऐकून टोकन देऊ नका. ईको असो की छोटा हत्ती, आधी आरसी मागा. सीट काढलेली प्रवासी व्हॅन ‘मालाचीच गाडी आहे’ म्हणून गळ्यात मारणारे भेटतात. आरसीवर मालवाहू नोंद आहे का बघा. मालवाहू गाडीला ८ वर्षांपर्यंत दर २ वर्षांनी फिटनेस लागतं, पुढे दरवर्षी. म्हणजे ९ वर्षांची गाडी स्वस्तात मिळाली तरी तो खर्च दरसाल तुमच्याच गल्ल्यातून जाणार, भावात तेवढं कमी करून मागा. सीएनजी असेल तर टाकीची ३ वर्षांची हायड्रो टेस्ट झालीय का? बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे नाहीत. फॉर्म २९-३० वर सह्या करून ‘नावावर नंतर करू’ म्हणणाऱ्याला लांबूनच नमस्कार.

आणि हे सगळं एजंटवर सोडू नका. एमपरिवहन ॲपवर गाडीनंबर टाका, विमा-फिटनेसच्या तारखा दिसतात, थकलेली चलनंही तपासता येतात. मालक समोर असतानाच टाका.