विहीर भरली, पण पाणी निर्दोष आहे काय?

पावसाळा सरला आणि विहिरी तुडुंब भरल्या, की पाण्याचा प्रश्न निदान उन्हाळ्यापर्यंत मिटला असे गृहीत धरले जाते. परंतु पाण्याची पातळी आणि पाण्याचा दर्जा यांचे ऋतुचक्र एकच नसते.

पावसाचे पाणी मुरले की भूजलातील क्षार बहुधा विरळ होतात. त्यामुळे मे महिन्यात मचूळ लागणारी विहीर दिवाळीच्या सुमारास गोड होते. नायट्रेटचे मात्र उलट घडू शकते. खरिपातील युरिया, उकिरडे आणि शोषखड्डे यांतील नत्र पावसाबरोबरच खाली झिरपते. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या गुणवत्ता अहवालानुसार, दोन्ही ऋतूंत तपासलेल्या ठिकाणी मर्यादेबाहेर नायट्रेट असलेल्या नमुन्यांचे प्रमाण पावसाळ्यापूर्वी ३०.७७ टक्के होते; पावसाळ्यानंतर ते ३२.६६ टक्के झाले. वाढ अल्प असली, तरी पाऊस सारे धुऊन नेतो हा समज खोडण्यास ती पुरेशी आहे. याच अहवालातील सर्वाधिक नायट्रेटग्रस्त १५ जिल्ह्यांपैकी वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव आणि यवतमाळ हे सात महाराष्ट्रातील आहेत.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमहून अधिक नायट्रेट नसावे. त्याला रंग, वास नाही आणि पाणी उकळूनही ते जात नाही. अशा पाण्यात कालवलेले भुकटीचे दूध तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमताच घटवू शकते.

सिंचनाचा धोका वेगळा आहे. अकोला, अमरावती व बुलढाण्यातील पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात सोडियमयुक्त पाणी काळ्या जमिनीला दिले, तर मातीचे कण विखुरतात, जमीन आवळते आणि निचरा खुंटतो. एका रब्बीपुरते वाचवलेले पीक पुढील कित्येक हंगामांच्या मुळावर येते.

असे असता, जलजीवन मिशनच्या मार्गदर्शक तत्त्वांत जलस्रोतांची जैविक तपासणी वर्षातून दोनदा, तर रासायनिक तपासणी एकदाच अपेक्षित आहे. मे महिन्यातील निर्वाळा ऑक्टोबरच्या पाण्याला लागू पडत नाही. तेव्हा निदान नायट्रेटग्रस्त जिल्ह्यांत तरी रासायनिक तपासणी दोन्ही ऋतूंत व्हावी आणि तिचे निष्कर्ष ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावेत. विहिरीत पाणी किती आहे, हे गावाला दिसते. ते कसे आहे, हे सांगण्याची जबाबदारी शासनाचीच आहे.