गठ्ठ्यातले ग्रंथ

भिवंडी हे शहर एके काळी केवळ यंत्रमागांसाठी ओळखले जात असे. आता ते गोदामांसाठीही ओळखले जाते. मानकोली, काल्हेर, पूर्णा, दापोडे या गावांच्या शिवारात उभ्या राहिलेल्या गोदामांत रोज हजारो वस्तू येतात. आलेल्या प्रत्येक वस्तूची तत्काळ नोंद होते, तिला संकेतांक मिळतो, तिची फळी ठरते आणि मागणी येताच ती हाती लागते. नोंद न झालेली वस्तू असून नसल्यासारखी, हा तेथील व्यवहाराचा पहिला नियम आहे. त्याच शहरातील निजामपुऱ्यासारख्या जुन्या वस्तीतला विद्यार्थी सार्वजनिक वाचनालयाची पायरी चढतो, तेव्हा मात्र या साध्या नियमाचा लाभ त्याला मिळेलच याची शाश्वती नसते. ‘नवी पुस्तके आली आहेत, पण अजून चढवलेली नाहीत’, हे उत्तर महाराष्ट्रातील वाचकांच्या चांगल्याच परिचयाचे आहे.

पुस्तक ‘चढवणे’ म्हणजे काय, याची कल्पना वाचकांना सहसा नसते. विक्रेत्याकडून आलेला गठ्ठा सुटला की प्रथम देयकाशी ताळा घ्यावा लागतो. पाने कोरी किंवा उलटसुलट नाहीत ना, हे पाहावे लागते. मग दाखल नोंदवहीत क्रमांक, शिक्का, विषयानुसार वर्गांक, लेखक-शीर्षक-विषय अशा तालिकेतील नोंदी, पाठीवर बोधांकाची चिठ्ठी, आत तारीखपत्र, आणि शेवटी फळीवरील नेमकी जागा. या साऱ्याला ग्रंथालयशास्त्रात ग्रंथोपस्कार म्हणतात. शब्द जड असला तरी हेतू साधा आहे. विकत घेतलेले पुस्तक वाचकाला सापडावे, एवढाच तो हेतू. डॉ. रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रे मांडली, त्यांतील चौथे वाचकाचा वेळ वाचविण्याचा आग्रह धरते. गठ्ठ्यात पडून राहिलेले पुस्तक वाचकाचा वेळच नव्हे, तर संधीही घालवते. स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी मराठी व्याकरणाचे पुस्तक शोधणाऱ्या उर्दू माध्यमाच्या विद्यार्थ्याला ते परीक्षेनंतर मिळाले, तर त्याचा त्याला काय उपयोग?

हा दोष ग्रंथपालाच्या माथी मारून मोकळे होणे सोपे आहे, परंतु ते न्याय्य नाही. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम 1967 साली झाला. त्याखाली मान्यता मिळालेली ग्रंथालये अ, ब, क, ड अशा वर्गांत विभागली गेली. खालच्या वर्गांतील ग्रंथालयात देवघेव, वर्गणी, वर्तमानपत्रे, हिशेब आणि झाडलोट ही सारी कामे एखाददुसऱ्या माणसाच्या अंगावर पडतात. त्यात आर्थिक वर्ष संपता संपता खरेदी उरकण्याची घाई होते. पुस्तके एकदम येतात, हात मात्र वाढत नाहीत. तपासणीला देयके आणि दाखल नोंदवही दाखवता आली की कागदोपत्री काम पुरे होते. तालिका अपुरी राहिली म्हणून कोणाचे अडत नाही; अडते ते केवळ वाचकाचे, आणि वाचक तक्रार करीत नाही, तो यायचा बंद होतो.

संगणक आल्यामुळे हा प्रश्न आपोआप सुटला, असा एक समज आहे. तो फसवा आहे. यंत्र शोधते ते भरलेल्या अक्षरांनुसार. ‘विशाखा’ कुसुमाग्रजांच्या नावावर आणि ‘नटसम्राट’ वि. वा. शिरवाडकरांच्या नावावर भरले आणि दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याची नोंद केली नाही, तर वाचकाच्या हाती अर्धाच लेखक लागतो. ‘कोंडुरा’ लिहिणारे चिं. त्र्यं. खानोलकर आणि ‘नक्षत्रांचे देणे’ लिहिणारे आरती प्रभू एकच, हे यंत्राला कोणीतरी सांगावे लागते. ते सांगणे म्हणजेच तालिकाकाराचे काम. पूर्वी अनेक वाचनालयांत हे ज्ञान वृद्ध ग्रंथपालाच्या स्मरणात असे. तो निवृत्त झाला की तालिकाच निवृत्त होई.

निजामपुऱ्यासारख्या वस्तीत तर हे काम अधिक नाजूक होते. भिवंडीत मराठीबरोबर उर्दू, हिंदी आणि तेलुगू या भाषा बोलल्या जातात, कारण मागावरचा कामगार दूरदूरच्या प्रांतांतून येथे आला. मराठी लेखकाची नोंद आडनावाने करण्याची रीत या सर्वांना सरसकट लावता येत नाही. साहिर लुधियानवी यांचे मूळ नाव अब्दुल हयी. ‘लुधियानवी’ हे आडनाव नव्हे, गावावरून घेतलेले उपपद आहे, आणि वाचक शोधतो ते ‘साहिर’. तेलुगू रीतीत घराण्याचे नाव आधी येते. ज्ञानपीठविजेते विश्वनाथ सत्यनारायण यांचे घराणे ‘विश्वनाथ’. शेवटचा शब्द आडनाव समजणारा तालिकाकार त्यांना भलत्याच अक्षराखाली नेऊन ठेवील. चार भाषांच्या शहरात नोंदीतील चूक म्हणजे शेजाऱ्याच्या वाङ्मयाचे दार बंद करणे होय.

मग उपाय काय? एकच पुस्तक शेकडो ग्रंथालये घेतात आणि प्रत्येक ठिकाणी त्याचे वर्गीकरण पुन्हा नव्याने होते, अथवा होतच नाही. हा श्रमांचा अपव्यय थांबवता येतो. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने 1901 पासून छापील तालिकापत्रे इतर ग्रंथालयांना विकण्यास आरंभ केला. काम एकदा झाले आणि उपयोग सर्वांना झाला. आपल्याकडेही शं. ग. दाते यांनी 1800 ते 1937 या काळातील मराठी ग्रंथांची सूची 1943 साली प्रसिद्ध करून मराठीत हे काम होऊ शकते, हे सिद्ध केले आहे. राज्याचे ग्रंथालय संचालनालय शासनमान्य ग्रंथांची यादी प्रसिद्ध करते. त्या यादीतील प्रत्येक ग्रंथापुढे दशांश पद्धतीचा वर्गांक, लेखकाच्या नावाचे प्रमाणित रूप, टोपणनावांचे निर्देश आणि विषयशीर्षके द्यावीत. हीच नोंद संगणकात थेट उतरवता येईल अशा स्वरूपात पुरवावी. मराठी साहित्याचा वर्गांक 891.46 आहे, हे प्रत्येक गावातील ग्रंथपालाने स्वतंत्रपणे शोधून काढण्याचे कारण नाही. मग स्थानिक ग्रंथपालाकडे उरेल ते खरे त्याचे काम: वस्तीचा वाचक ओळखणे, त्याच्या भाषेतील पुस्तके मागविणे आणि यादीबाहेरच्या ग्रंथांची नोंद करणे.

त्याचबरोबर तपासणीचा निकषही बदलला पाहिजे. किती पुस्तके घेतली, एवढेच विचारून भागणार नाही. खरेदीनंतर किती दिवसांत ती फळीवर आली, हेही विचारले गेले पाहिजे. अनुदान पुस्तकांसाठी मिळते, गठ्ठ्यांसाठी नव्हे. ज्या तालुक्यातील गोदामात एक चपलेचा जोडही बेपत्ता राहू दिला जात नाही, तेथील वाचकाने पुस्तकाबाबत याहून कमी अपेक्षा का ठेवावी?