आई-बाबा रोडपालीत, मुलगी ब्रिटनमध्ये: टीव्ही लायसन्स कुणाच्या नावावर?

पनवेलजवळच्या रोडपालीतून एखादी मुलगी मास्टर्ससाठी ब्रिटनला जाते. फी, भाडं, व्हिसा, सगळ्याचा हिशेब घरी मांडून झालेला असतो. आणि मग हॉस्टेलच्या खोलीवर एक पत्र येतं. त्यावर नाव नसतं, नुसतं 'लीगल ऑक्युपायर' लिहिलेलं असतं. मजकूर असा की या पत्त्यावर टीव्ही लायसन्स नाही, चौकशी होऊ शकते. खोलीत तर टीव्हीच नाही!

गोंधळ इथेच होतो. ब्रिटनमधला नियम टीव्हीच्या डब्याला नाही, तर बघण्याला लागू होतो. कोणत्याही चॅनलवरचा कार्यक्रम लाइव्ह बघितला किंवा बीबीसी आयप्लेअर वापरला, तर लायसन्स हवं. मग ते मोबाईलवर असो की लॅपटॉपवर. चॅनल परदेशी असला तरी सुटका नाही. म्हणजे यूट्यूबवर मराठी न्यूज चॅनल लाइव्ह लावला किंवा टीव्हीवर चालू असलेली मॅच त्याच वेळी ॲपवर बघितली, तरी नियम लागू. नेटफ्लिक्सवरची सिरीज किंवा यूट्यूबवरचे साधे व्हिडिओ मात्र चालतात.

'स्टुडंट्सना माफ असतं' असा मेसेज ग्रुपवर फिरतो. तो अर्धाच खरा आहे. सूट आहे, पण ती आई-वडिलांच्या लायसन्सवर मिळते. सुट्टीत ज्या घरी विद्यार्थी राहतो त्या घराचं लायसन्स असेल आणि तो स्वतःच्या बॅटरीवर चालणाऱ्या उपकरणावरच बघत असेल, तेही चार्जर न लावता, तरच ती लागू होते. रोडपालीच्या फ्लॅटला ब्रिटिश लायसन्स कुठून असणार? भारतात एकेकाळी टीव्ही-रेडिओचं लायसन्स पोस्टात भरावं लागायचं, आजोबांच्या पिढीला ते आठवत असेल. पण १९८०च्या दशकातच ते बंद झालं, आणि असतं तरी तिथे चाललं नसतं. त्यामुळे ही सूट भारतीय विद्यार्थ्यांच्या जवळपास कधीच कामाची नसते.

रक्कमही किरकोळ नाही. एप्रिल २०२५ मध्ये ती वर्षाला १७४.५० पाउंड झाली होती, म्हणजे साधारण वीस हजार रुपये. लायसन्स न घेता बघितल्यास १,००० पाउंडांपर्यंत दंड होऊ शकतो आणि प्रकरण फौजदारी कोर्टात जातं. परक्या देशात स्टुडंट व्हिसावर असताना ही जोखीम कशाला?

लाइव्ह बघतच नसाल तर टीव्ही लायसन्सिंगच्या वेबसाइटवर 'गरज नाही' असं कळवता येतं. पत्रं काही काळ थांबतात. दारात अधिकारी आला तरी परवानगी किंवा कोर्टाचं वॉरंट असल्याशिवाय त्याला आत येता येत नाही. कार्डाचे तपशील मागणारे बनावट ईमेलही येतात, त्यातल्या लिंकवर क्लिक करू नका.

शेअर केलेल्या घरात सगळ्यांचा भाडेकरार एकच असेल तर सहसा एक लायसन्स पुरतं. खोलीगणिक वेगळा करार असेल तर प्रत्येकाला आपलं स्वतंत्र. कोर्स संपवून लवकर परतणाऱ्यांना उरलेल्या पूर्ण महिन्यांचे पैसे परत मागता येतात, पण अर्ज करावा लागतो. बरेच जण ते विसरून विमानात बसतात.

जर्मनीला जाणाऱ्यांनी मात्र ही सगळी गणितं विसरावीत. तिथे टीव्ही बघा वा न बघा, प्रत्येक घरामागे महिन्याला १८.३६ युरो द्यावेच लागतात. फ्लॅटमध्ये चौघे असतील तर एकाने भरायचे आणि बाकीच्यांनी वाटून घ्यायचे.