ऐकीव, तरीही ज्ञान

खरे ज्ञान कोणते आणि नुसता समज कोणता, हा वाद भारतीय दर्शनांत प्रमाणांच्या, म्हणजे ज्ञानाच्या साधनांच्या, संख्येवरून झडला. चार्वाकांनी प्रत्यक्ष हे एकच प्रमाण मानले. वैशेषिकांनी आणि दिङ्नाग, धर्मकीर्ती या बौद्ध आचार्यांनी प्रत्यक्ष व अनुमान अशी दोन. नैयायिकांनी त्यांत उपमान आणि शब्द यांची भर घातली. शब्द म्हणजे आप्ताच्या, अर्थात विश्वासपात्र माणसाच्या सांगण्यातून होणारे ज्ञान. आज सर्वाधिक संशय आहे तो याच चौथ्या प्रमाणावर. ‘स्वतः पडताळल्याशिवाय काहीच खरे मानू नये’ हा विवेकी माणसाचा पहिला नियम म्हणून सांगितला जातो. नियम बाणेदार आहे, पण चुकीचा आहे.

पूर्वपक्ष दुबळा नाही. जॉन लॉकने १६९० च्या आपल्या निबंधात असे मांडले की दुसऱ्यांची मते डोक्यात भरून घेतल्याने, ती खरी असली तरीही, माणूस अधिक जाणता होत नाही. शिवाय माणसे चुकतात आणि खोटेही बोलतात. मग त्यांच्या शब्दाला प्रमाण कसे म्हणावे?

पण चूक होण्याची शक्यता हा दोष मानला, तर डोळेही बाद होतात. दोरीच्या जागी साप दिसतो, तापलेल्या रस्त्यावर पाणी दिसते. तेवढ्यावरून प्रत्यक्ष कोणी टाकून दिलेले नाही. डोळ्यांना दिलेली सवलत कानांना नाकारायची, तर त्याला वेगळे कारण हवे, आणि ते पूर्वपक्षाजवळ नाही.

दुसरा आक्षेप जास्त सूक्ष्म आहे. शब्द वेगळे प्रमाण नाहीच, ते अनुमानच आहे, असे वैशेषिक आणि बौद्ध म्हणतात: हा वक्ता आजवर खरे बोलत आला, म्हणून आताही खरे बोलत असणार. व्यवहार मात्र असा चालत नाही. परगावच्या एसटी स्थानकावर अनोळखी माणसाला रस्ता विचारणाऱ्याजवळ त्या माणसाचा कोणताही पूर्वेतिहास नसतो, तरी तो सांगितलेल्या वाटेने निघतो. मूल तर शब्दांचे अर्थच मोठ्यांच्या बोलण्यावर भिस्त ठेवून शिकते. अनुमानाची भाषा त्याला नंतर येते. थॉमस रीड या स्कॉटिश तत्त्वज्ञाने १७६४ मध्ये हेच दाखवले की खरे बोलण्याकडे आणि सांगितलेले मानण्याकडे माणसाचा मुळातच कल असतो. आणि वक्त्याची विश्वासार्हता तपासायची म्हटली, तरी ती बहुधा इतरांच्या सांगण्यावरूनच तपासावी लागते. डॉक्टरचे निदान बरोबर होते हे प्रयोगशाळेच्या अहवालावरून ठरते, आणि तो अहवालही कोणाचा तरी शब्दच असतो.

स्वतःचा जन्म कोणाला आठवत नाही, तरी जन्मतारीख ठाऊक असते. पानिपतची लढाई १७६१ साली झाली हे आज कोणी पाहिलेले नाही. विज्ञान तरी याला अपवाद असेल असे वाटते, पण तिथे तर परस्परांच्या शब्दावरचे अवलंबन कमालीचे वाढले आहे. हिग्ज बोसॉनचे वस्तुमान सांगणाऱ्या २०१५ च्या शोधनिबंधावर पाच हजारांहून अधिक लेखकांची नावे आहेत. त्यांतल्या एकानेही सगळी मोजमापे स्वतः केलेली नाहीत. पडताळणीचा नियम काटेकोर पाळला तर त्यांच्यापैकी कोणालाच ते वस्तुमान ‘ठाऊक’ नाही असे म्हणावे लागेल, आणि असा निष्कर्ष देणारा नियमच टाकला पाहिजे.

महाराष्ट्रात शब्दप्रामाण्याविषयी असलेली चीड वेगळ्या जागेवरून येते, आणि तिथे ती योग्यच आहे. ग्रंथात लिहिले आहे म्हणून माणसे शतकानुशतके पायदळी तुडवली गेली. जोतीराव फुल्यांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त अवतारकथांची झडती घेतली, हे लिहिणारा कोण आणि लिहिण्यात त्याचा स्वार्थ कोणता, हेच त्यांनी विचारले. हा प्रश्न न्यायदर्शनाच्या कसोटीशी जुळतो. न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन याच्या मते ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. असा माणूस ऋषी असू शकतो, आर्य असू शकतो आणि म्लेंच्छही असू शकतो, हेही त्याने स्पष्ट सांगितले आहे. वेद कोणीच रचलेला नाही म्हणून तो निर्दोष, ही मीमांसकांची भूमिका नैयायिकांनी नाकारली. ते वेदाला मानत होते, पण आयुर्वेदाचे प्रामाण्य जसे वक्त्याच्या आप्तपणामुळे, तसेच वेदाचे, असे त्यांचे म्हणणे होते. वेदाविषयीचा त्यांचा निष्कर्ष आज मान्य होणार नाही. कसोटी मात्र घेण्याजोगी आहे.

या कसोटीचा उपयोग आजच्या गोंधळात फार मोठा आहे. मोबाइलवर पुढे ढकललेल्या निनावी संदेशाला ना जाणणारा असतो, ना जबाबदार सांगणारा. म्हणून तो शब्दप्रमाण ठरत नाही. उलट ‘तज्ज्ञांवर विश्वास ठेवू नका, स्वतः शोधा’ म्हणणारा शेवटी कोणत्या तरी चित्रफितीवरच विसंबतो. तोही शब्दावरच चाललेला असतो, फक्त वक्त्याची पारख सोडून. सांगणाऱ्याला हे कसे कळले आणि खोटे सांगण्यात त्याचा काय लाभ, हे दोन प्रश्न शाळेपासून शिकवले जावेत.